आईच्या खुब्याचं ऑपरेशन: कंबरेतली भूल की पूर्ण भूल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई 74 वर्षांच्या, राहायला कळव्याला. परवा रात्री बाथरूममध्ये पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ठाण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये दाखल आहेत. डायबिटीस आणि बीपी जुनं, पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू. सर्जन म्हणतात लवकर ऑपरेशन करून टाकू. भूल देणारे डॉक्टर म्हणतात हाय रिस्क आहे, सही करा. मामा म्हणतात कंबरेत सुई नको, जन्माची कंबर धरते. भाऊ म्हणतो पूर्ण भूल दिली तर आई उठायची नाही. शेजारच्या काकू म्हणतात आठवडाभर थांबा, हार्ट जरा सुधारू दे. आणि तुम्ही विचारताय, यातली सुरक्षित भूल कोणती?

मी भूलतज्ज्ञ आहे. नौपाड्यापासून ऐरोली-वाशीपर्यंतच्या हॉस्पिटलांत भूल देते, आणि खुबा मोडलेल्या आजी-आजोबांना भूल देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुमच्या घरात चाललेली चर्चा मी जवळजवळ प्रत्येक अशा पेशंटच्या कॉटशेजारी ऐकते. त्या अनुभवावरून सांगते, कोणती भूल हा यातला सगळ्यात मोठा प्रश्न नाही. ऑपरेशन कधी होणार, त्याआधीच्या एक-दोन दिवसांत आईंची तयारी किती नीट होणार, आणि भूल देणारा डॉक्टर आईंना आधी तपासून, त्यांच्याबद्दल सगळं माहीत करून घेऊन ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) येणार की नाही, हे प्रश्न मोठे. भुलीचा प्रकार बऱ्याचदा या उत्तरांतून आपोआप ठरतो.

आईंना न तपासता मी ‘हीच भूल द्या’ असं सांगू शकत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्यावर जाऊ नका. पण निर्णय कशावरून होतो ते सांगता येईल.

आधी काकूंच्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण घरच्यांना तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. मोडलेला खुबा घेऊन पडून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. कुशीवर वळता येत नाही, खोल श्वास घेतला की दुखतं, म्हणून माणूस उथळ श्वास घेतो. छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरांत गुठळ्या होतात. माकडहाडाशी कातडी लाल होते आणि दोन-तीन दिवसांत तिथं जखम पडते. दुखण्यानं आणि पडल्यापडल्या जेवण सुटल्यानं ताकद उतरते. आणि ज्या हार्टला ‘सुधारायला’ म्हणून थांबलो, त्याच्यावर दुखण्याचा ताण रात्रंदिवस चालूच असतो. म्हणून ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पेशंट दाखल झाला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हावं. आपल्याकडेही अस्थिरोगतज्ज्ञ साधारण 48 तासांच्या आत उरकायचा प्रयत्न करतात. अगदी श्वास रोखून धावायची गरज नाही. 2020 साली भारतासह 17 देशांतल्या पेशंटवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा तासांच्या आसपास ऑपरेशन झालेल्यांची आणि 24 तासांच्या आसपास झालेल्यांची तुलना होती. दगावण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, मात्र लवकर ऑपरेशन झालेल्यांत नंतरचा भ्रम (माणसं न ओळखणं, असंबद्ध बोलणं) कमी दिसला. थोडक्यात, एक दिवस तयारीला घेतला तर चालतो, आठवडा चालत नाही.

थांबायला खरी कारणं मोजकीच. छातीत पाणी भरलंय, ठोके फार वेगात किंवा फार संथ पडताहेत, हिमोग्लोबिन फारच खाली आहे, सोडियम किंवा पोटॅशियम बिघडलंय, शुगर 400 च्या वर जाऊन कीटोन आलेत, ताजा हार्ट अटॅक आहे. यातलं काही असेल तर तेवढं सुधारेपर्यंत थांबायचं, आणि तेही तासांच्या हिशेबानं. ‘टूडी इकोची (हार्टच्या सोनोग्राफीची) तारीख परवाची मिळाली’ हे कारण यात येत नाही. इको कॉटजवळ मशीन आणून करता येतो. नर्सिंग होमला तसं स्पष्ट विचारा.

आता मामांची भीती. स्पायनल म्हणजे कंबरेतल्या भुलीत नेमकं काय होतं ते जवळून सांगते.

आईंना बसवतात किंवा कुशीवर वळवतात. मोडलेल्या हाडानिशी हे वळणं फार दुखतं. ‘भुलीचं इंजेक्शन फार दुखलं’ असं जे पेशंट सांगतात, त्यांना पुष्कळदा सुई दुखलेली नसते, वळणं दुखलेलं असतं. म्हणून मी आधी जांघेच्या भागात, सोनोग्राफीत बघत, खुब्याकडे जाणाऱ्या नसांभोवती औषध सोडते. वीसेक मिनिटांत दुखणं इतकं उतरतं की मघाशी पायाला हात लावू न देणारी आजी आपणहून जरा सरकते. मग पाठ निर्जंतुक करायची. बोटांनी कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा आणि त्या रेषेवरून मणक्यांमधली फट शोधायची. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशी संपतो. आम्ही सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत घालतो, म्हणजे सुईच्या वाटेत मज्जारज्जू येत नाही. सुई बरीच बारीक असते. उतारवयात मणक्यांतली फट अरुंद झालेली असते, हाडाला सुई लागते, जरा वर, जरा खाली, असं धीरानं करावं लागतं. मग सुईच्या मागच्या टोकाला पाण्यासारखा स्वच्छ थेंब येतो. तो दिसला की ठिकाण बरोबर. दोन-तीन मिली औषध हळूहळू आत जातं, आणि मिनिटाभरात पाय गरम वाटतात, जड होतात. तो बधिरपणा साधारण दोन-तीन तास टिकतो. पेशंट जागा असतो, बोलतो. ठोकाठोकीचे आवाज ऐकून घाबरू नये म्हणून हलकं झोपेचं औषध देता येतं, पण या वयात ते मी फार हात राखून देते.

कंबर जन्माची दुखते का? सुई टोचली त्या जागी दोन-चार दिवस दुखरं राहू शकतं. वर्षानुवर्षांची कंबरदुखी मात्र या सुईमुळे होते असं दिसलेलं नाही. सिझेरियन झालेल्या लाखो बायका कंबरदुखीचं खापर ‘त्या इंजेक्शना’वर फोडतात, पण बाळंतपण, वाकून बाळाला घेणं, वाढलेलं वजन आणि सैल पडलेले स्नायू ही कारणं त्यांच्यापाशी आधीच असतात. नसेला कायमची इजा होऊ शकते, हे खरं, आणि ते लपवायचं नसतं. ब्रिटनमध्ये देशभरातल्या अशा भुलींची मोजदाद करून 2009 साली अहवाल आला. त्यात प्रत्येक शंकास्पद केस भुलीच्याच नावावर लावली तरी कायमच्या इजेचं प्रमाण एक लाखात 4 च्या आसपास निघालं. आणखी एक त्रास म्हणजे डोकेदुखी. बसलं की ठणकतं, आडवं झालं की थांबतं. ती तरुण बायकांत जास्त, आईंच्या वयात कमी.

स्पायनलचा खरा धोका कंबरेत नसतो, तो बीपीत असतो. कंबरेखालच्या रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्त पायांत साठतं, बीपी उतरतं. धडधाकट माणूस हे सहज सोसतो. पण जिच्या हार्टची झडप आखडून अरुंद झालीय, तिला हा अचानक उतार महागात पडू शकतो. म्हणून आम्ही इकोचा आग्रह धरतो. इकोच्या कागदावर घरचे फक्त ‘पंपिंग’ बघतात, 45 टक्के की 55 टक्के. मी त्या कागदावर आधी महाधमनीच्या झडपेची ओळ वाचते.

आता भावाची भीती, आई उठायचीच नाही ही. ती कुठून आली असेल याची मला कल्पना आहे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन जाहीर ऑपरेशन होऊ दिलं, पुढच्याच वर्षी एडिंबराच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. त्यानंतर कित्येक दशकं रुमालावर थेंब टाकून भूल दिली जायची. कधी माणूस टेबलावरच जायचा, आणि का गेला ते कळायचं नाही. त्याचा छडा लावायला 1888 आणि 1889 साली आपल्या हैदराबादेत दोन आयोग बसले होते. त्याच शहरात त्या काळात शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांचं नाव भारतातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून घेतलं जातं. त्यांचं नाव मी नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. त्या काळी भूल देणाऱ्याकडे पेशंटचा श्वास बघायला डोळे आणि नाडीवर ठेवायला बोटं, एवढंच होतं. घराघरांतल्या जुन्या गोष्टी त्या काळापासून चालत आल्या आहेत.

आजची पूर्ण भूल अशी असते. हातातल्या सलाईनमधून प्रोपोफॉल जातं, अर्ध्या-एक मिनिटात झोप लागते. या एका डोसची झोप पाच-दहा मिनिटांत उतरते. म्हणून ऑपरेशन चालेल तितका वेळ आम्हाला भुलीचा वायू किंवा औषधाचा पंप सतत चालू ठेवावा लागतो. तो बंद केला की औषध शरीरातून निघू लागतं आणि माणूस जागा होतो. म्हणजे ‘औषध जास्त झालं आणि झोपेतच राहिली’ ही कल्पना आजच्या औषधांना फारशी लागू पडत नाही. श्वासनलिकेत नळी घालतात किंवा घशात बसणारा मऊ मास्क घालतात, श्वास मशीनवर किंवा पेशंटचा स्वतःचा चालतो. बोटावरचा चिमटा रक्तातला ऑक्सिजन सांगतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात त्यामागची युक्ती शोधली, आणि माझ्या मते भुलीच्या इतिहासात त्याइतके जीव दुसऱ्या कशानं वाचवलेले नसतील. नळीला जोडलेलं यंत्र प्रत्येक उच्छ्वासातला कार्बन डायॉक्साइड दाखवतं, म्हणजे नळी सरकली तर ऑक्सिजन उतरायच्या आधीच समजतं.

मग माणसं दगावतच नाहीत का? दगावतात. पण सहसा भुलीचं औषध उतरलं नाही म्हणून नव्हे. हार्ट आधीच अशक्त असतं, रक्त जातं, छातीत गुठळी जाते, किंवा पोट भरलेलं असताना उलटी फुफ्फुसात जाते. खुब्यात आणखी एक क्षण असतो. अर्धा सांधा बदलताना काही वेळा मांडीच्या हाडाच्या पोकळीत सिमेंट भरतात. त्या दोन-तीन मिनिटांत बीपी आणि ऑक्सिजन अचानक कोसळू शकतात. सर्जन ‘सिमेंट घालतोय’ असं मोठ्यानं सांगतात तेव्हा मी बाकी सगळं सोडून मॉनिटरकडे बघते, बीपी वर आणायचं औषध सिरिंजमध्ये भरून हातात असतं. हा धोका दोन्ही भुलींत असतो. आईंचा सांधा बदलणार की रॉड-स्क्रू बसवणार, हे हाड नेमकं कुठं मोडलंय त्यावर ठरतं. तेवढं सर्जनला विचारून घ्या.

दोन्ही भुलींची समोरासमोर तुलना झालेली आहे. खुबा मोडलेल्या पन्नाशीपुढच्या 1600 पेशंटचा अमेरिका आणि कॅनडातला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना स्पायनल, निम्म्यांना पूर्ण भूल. साठ दिवसांनी बघितलं तर दगावलेले किंवा दुसऱ्या माणसाच्या आधाराशिवाय चालू न शकणारे असे स्पायनलच्या गटात 18.5 टक्के, पूर्ण भुलीच्या गटात 18 टक्के. नंतरच्या भ्रमाचं प्रमाणही जवळपास सारखं. हा अभ्यास येण्याआधी आमच्यापैकी बरेच जण, मीही, म्हाताऱ्या माणसाला स्पायनलच बरी असं धरून चालायचो. आता मी घरच्यांना सांगते की दोन्ही चालतात, तुमच्या माणसाच्या बाबतीत एखादी विशेष अडचण असेल तर ती बघून निवडू.

तुमच्या आईंच्या बाबतीत ती अडचण बहुधा गोळीची आहे. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ एवढ्यावर मला काही सांगता येत नाही. नुसती ॲस्पिरिन असेल तर स्पायनल देता येते, ती थांबवायचीही गरज नसते. क्लोपिडोग्रेल असेल तर स्पायनलच्या आधी साधारण पाच ते सात दिवस बंद असावी लागते, कारण मणक्यात रक्त साचून नसा दाबल्या गेल्या तर पाय कायमचे जाऊ शकतात. असं क्वचित होतं, पण झालं तर भरून येत नाही. वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, बघायची. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांचा हिशेब शेवटचा डोस आणि किडनी यांवर.

आता इथं नीट बघा. क्लोपिडोग्रेल चालू आहे म्हणून सहा दिवस थांबून स्पायनल द्यायची, की आजच्या-उद्याच पूर्ण भूल देऊन जांघेत नसेचं इंजेक्शनही द्यायचं? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. सहा दिवस पडून राहण्यात जे गमावतो ते स्पायनल देऊन परत मिळत नाही. म्हणजे तुमच्या घरात ज्या भुलीला सगळे जास्त भितात, तीच आईंसाठी योग्य ठरायची शक्यता बरीच आहे. गोळी नुसती ॲस्पिरिन निघाली आणि इकोत झडप ठीक असेल, तर मात्र मी स्पायनलकडे झुकेन, विशेषतः छाती कमजोर असेल तर. आणि ही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. पाच वर्षांपूर्वीचा स्टेंट असला तरी कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची हे कार्डिऑलॉजिस्टनी फोनवर का होईना भूलतज्ज्ञांना सांगायला हवं. अँजिओप्लास्टीची फाईल कळव्याच्या घरी कपाटात असेल तर आजच आणून द्या.

‘हाय रिस्क’च्या सहीनं तुम्ही हादरलात हे प्रश्नावरूनच कळतं. हाय रिस्क याचा अर्थ ‘वाचणार नाही’ असा नाही. 74 वय, डायबिटीस, स्टेंट आणि तातडीचं ऑपरेशन, हे सगळं एकत्र आलं की धोका नेहमीपेक्षा जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण तो सांगून कागद पुढं सरकवणं पुरेसं नाही. त्या डॉक्टरांना विचारा, धोका नेमका कशाचा वाटतो, हार्टचा, छातीचा की किडनीचा? तो कमी करायला आज काय करता येईल? ऑपरेशननंतर आयसीयूची कॉट लागेल का, आणि ती इथं आहे का? नसेल तर आयसीयू असलेल्या ठिकाणी आत्ताच हलवणं बरं. ऑपरेशननंतर तीन हात नाका किंवा कळव्याच्या पुलावरच्या ट्रॅफिकमधून ॲम्ब्युलन्सनं नेण्याची वेळ येऊ देऊ नये.

सही कोणाची, हेही बघा. आई शुद्धीत आहेत, त्यांना समजतं, तर संमती त्यांची हवी. सर्वोच्च न्यायालयानं 2008 च्या निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे की सज्ञान आणि शुद्धीतल्या पेशंटच्या जागी नातेवाइकांची संमती चालत नाही. आपल्याकडे मुलं बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टरांशी बोलतात आणि आत आईला ‘काही नाही, छोटंसं आहे’ असं सांगतात. मी शक्यतो खुर्ची ओढून आजींशीच बोलते. बहुतेक आजी आपल्याला वाटतं त्याहून खंबीर असतात. आणि त्यांच्याकडूनच मला खरी माहिती मिळते. ‘ठाणे स्टेशनचा पूल न थांबता चढायच्या का?’ असं विचारते. दोन जिने दम न लागता चढणारं हार्ट भूल बऱ्यापैकी सोसतं, आणि हे उत्तर मला कित्येकदा इकोपेक्षा उपयोगी पडलं आहे.

इथली एक अडचण तुम्हाला माहीत असायला हवी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून बोलावलेला असतो. सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या. त्यामुळे ओटीच्या दारात पाच मिनिटं भेट, एवढ्यावर निभावलं जातं. फिजिशियनचं ‘फिट फॉर सर्जरी’ लिहिलेलं पत्र फाईलला लागलं की सगळ्यांना वाटतं तयारी झाली. ते पत्र भुलीच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. तुम्ही सर्जनना सरळ सांगा, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी आईंना येऊन बघावं. अशी मागणी करणं उद्धटपणा नाही. त्या भेटीत तोंड किती उघडतं, मान किती वळते, छातीत काय ऐकू येतं, हे बघून दुसऱ्या दिवसाची तयारी बदलते.

त्या भेटीत घरच्यांनी काही गोष्टी न विचारता सांगायला हव्यात. आई मिश्री लावतात का? बायका हे सांगायला लाजतात, पण मिश्री तंबाखूच आहे. कवळी आहे का, एखादा दात हलतोय का? सांधेदुखीसाठी कुठून पुड्या किंवा काढे चालू आहेत का? अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड असतं, आणि ते महिनोन्‌महिने घेतलेल्या माणसाचं बीपी ऑपरेशनच्या ताणात सावरत नाही. डायबिटीसच्या गोळीचं नाव डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का? ठरवून करायच्या ऑपरेशनआधी ती तीन दिवस बंद ठेवतात. इथं तेवढी सवड नाही, पण ती चालू होती हे माहीत असेल तर शुगर बरी दिसत असतानाही आम्ही कीटोन तपासतो. घरात कोणाला भुलीत खूप ताप चढून जिवावर बेतलं होतं का, हेही सांगा.

उपाशी ठेवण्याबद्दल. जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास, साध्या पाण्यानंतर दोन तास. दुधाचा चहा हे खाणंच धरायचं, बिस्किटाशिवाय घेतला तरी. उपासाची खिचडीसुद्धा जेवणच. पण उलट चूकही तितकीच होते. ‘रात्री बारानंतर काही नाही’ म्हणून सांगतात, लिस्टमध्ये नंबर दुपारी चारला लागतो, आणि डायबिटीसची आजी सोळा तास पाण्याशिवाय सुकते. नंबर कितीचा आहे ते विचारा, आणि दोन तास आधीपर्यंत साधं पाणी द्यायला हरकत नाही ना, हे भूलतज्ज्ञांकडून वदवून घ्या. त्या सकाळी बीपीच्या आणि शुगरच्या कोणत्या गोळ्या द्यायच्या हे लिहून घ्या, तोंडी नको.

आज रात्रीपुरतं एकच मागा, दुखणं थांबवा. मघाशी सांगितलेलं जांघेतलं इंजेक्शन ऑपरेशनची वाट न बघता आजच देता येतं, आणि क्लोपिडोग्रेल चालू असली तरी ते मणक्यातल्या सुईइतकं धोक्याचं नसतं. जोडीला पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं या वयात, डायबिटीसच्या किडनीवर, मला नको वाटतात.

आणि ऑपरेशननंतरचं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आई तुम्हाला ओळखणार नाहीत, भिंतीवर माणसं दिसताहेत म्हणतील, सलाईन ओढतील, असं होऊ शकतं. या वयात खुब्याच्या ऑपरेशननंतर हे पुष्कळांना होतं, दोन्ही भुलींत होतं, आणि बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं. ‘भूल डोक्यात गेली’ म्हणून घाबरू नका. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी रिकव्हरी रूममधून बाहेर आल्याबरोबर परत द्या. घरचं एक ओळखीचं माणूस रात्री जवळ राहू दे, दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री लाइट मंद करा. पण त्यांचं बोलणं अचानक बदललं तर सिस्टरना लगेच बोलवा आणि शुगर, ऑक्सिजन, लघवी तुंबली आहे का, सोडियम आणि ताप तपासायला सांगा. झोपेचं इंजेक्शन देऊन शांत करा, असं तुमच्याकडून तरी म्हणू नका, आधी कारण शोधायला लावा. फिजिओथेरपिस्टनी दुसऱ्या दिवशी कॉटच्या कडेला बसवायला घेतलं की आई ‘नको, दुखतंय’ म्हणतील. तेव्हा व्यायाम टाळण्याऐवजी त्याच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध द्यायला सांगा.